सोसायटी जबाबदार राहणार नाही

पावसाळा सरला की मुंबई-ठाण्यापासून पुण्यापर्यंत इमारतींना परांच्या लागायला सुरुवात होते. गळती काढायची, भेगा बुजवायच्या, सुटलेलं प्लास्टर पाडून नवं करायचं आणि वरून रंगाचे दोन हात द्यायचे. सोसायटीच्या ऑफिसात तीन कोटेशनं येतात आणि तिन्हींच्या शेवटच्या पानावर एक कलम हमखास असतं: कामादरम्यान कामगारास इजा अथवा मृत्यू झाल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी ठेकेदाराची राहील, सोसायटी जबाबदार राहणार नाही.

हे वाचून कमिटी निर्धास्त होते. सर्वसाधारण सभेत रंग क्रीम की राखाडी यावर तासभर खडाजंगी होते, वॉरंटी पाच वर्षांची की सात यावर होते, या कलमावर कुणी तोंड उघडत नाही. मला या कलमाची चीड आहे. आजचं सदर त्याच्याचसाठी.

ठेकेदार काम घेतो. तो ते पोटठेकेदाराला देतो, पोटठेकेदार मुकादमाला सांगतो आणि मुकादम सकाळी नाक्यावरून सहा माणसं आणतो. पट्टा कुणी द्यायचा, विमा कुणी काढायचा असं विचारलं की जो तो आपल्या खालच्याकडे बोट दाखवतो. सगळ्यात खाली जो उरतो, तो सातव्या मजल्याच्या बाहेर दोन बांबूंवर उभा असतो. त्याच्या खाली बोट दाखवायला कुणी नाही. या उतरंडीची पहिली सही आपल्या लेटरहेडवर असते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

एकदा खाली उभं राहून नीट बघा. हेल्मेट असलंच तर त्याला हनुवटीखालची पट्टी नसते किंवा ती बांधलेली नसते. माणूस वाकला की हेल्मेट आधी खाली येतं. पट्टा असलाच तर कमरेचा असतो. कमरेच्या पट्ट्यावर माणूस पडला तर सगळा हिसका पोटाला आणि कण्याला बसतो, जीव वाचला तरी माणूस मोडतो. उंचावरच्या कामाला छाती, खांदे आणि मांड्या धरणारा पूर्ण अंगाचा पट्टा लागतो, ज्याला साइटवर फुल बॉडी हार्नेस म्हणतात. त्याला दोन हुक हवेत, म्हणजे पुढे सरकताना एक सोडला तरी दुसरा अडकलेला राहतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो हुक कशाला अडकवला आहे ते बघा. बहुतेक ठिकाणी तो माणूस ज्या परांचीवर उभा आहे त्याच परांचीच्या बांबूला अडकवलेला दिसेल. परांची कोसळली तर पट्टा त्याला परांचीसकट खाली नेणार. खरी लाइफलाइन हा वेगळा दोर असतो. तो गच्चीवर पक्क्या जागी, परांचीपासून स्वतंत्र बांधलेला असतो आणि तो कुठे बांधायचा हे कुणी तरी जाणत्याने ठरवलेलं असतं. गच्ची सोसायटीची आहे. तिथे कशाला दोर बांधला जातोय हे बघायला कमिटीला कुणाचीही परवानगी लागत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: आम्ही देतो हो, पण तेच घालत नाहीत. हे उत्तर इतक्या ठिकाणी इतक्या वेळा ऐकू येतं की ते खरंच वाटायला लागतं. रंगारी आणि प्लास्टरवाला पुष्कळदा फुटावर काम करतो. जितके चौरस फूट तितके पैसे. हुक सोडायचा, दोन पावलं सरकायचं, परत अडकवायचा, यात दिवसभरात जो वेळ जातो तो त्याच्या मजुरीतून जातो. स्वतःची मजुरी कापून स्वतःची सुरक्षा विकत घ्यायची, असा तो व्यवहार होतो. वर एप्रिलचं ऊन, मापाबाहेरचा पट्टा, आदल्या साइटवरच्या कुणाच्या तरी घामाचं हेल्मेट. दिवसावर मजुरी द्या, अंगाला बसणारा पट्टा द्या, मग बघा तो घालतो की नाही. साधन देणं इथे अर्धं काम झालं. ते वापरता येईल असं काम आखणं हे उरलेलं अर्धं, आणि ते कामगाराच्या हातात नसतं.

कायदा काय म्हणतो तेही बघू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत स्वच्छ लिहिलं आहे की सुरक्षेसाठी दिलेल्या कुठल्याही गोष्टीचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत. म्हणजे बुटाचे, पट्ट्याचे, हातमोज्याचे पैसे हजेरीतून कापणारा मुकादम बेकायदा वागतो. मालकाने आपलं कर्तव्य न केल्यामुळे मृत्यू झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख रुपये दंड किंवा दोन्ही, आणि त्या दंडातला निम्मा किंवा अधिक वाटा वारसांना द्यायला कोर्ट सांगू शकतं. हे चांगलं आहे. पण ही संहिता साधारणपणे दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होते. आणि कंत्राटी कामगारांसाठीची कलमं, जी १९७० च्या कायद्यात २० कामगारांपासून लागू व्हायची, ती आता ५० पासून लागू होतात. नाक्यावरून सहा माणसं आणणाऱ्या मुकादमाला या आकड्यांनी मोकळं रान मिळालं आहे. ज्यांच्या हातात सगळ्यात कमी साधनं, तेच कायद्याच्या उंबऱ्याबाहेर राहिले. हा उंबरा खाली आणला पाहिजे. पण तो खाली येईपर्यंत सोसायटीने हात बांधून बसायचं कारण नाही.

नुकसानभरपाईचा कायदा मात्र जुना आणि पक्का आहे. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. त्याचं मूळ तत्त्व शंभर वर्षं टिकलं: काम करताना आणि कामामुळे अपघात झाला, तर चूक कुणाची हे न विचारता मालकाने भरपाई द्यायची. कामगाराने हेल्मेट घातलं नव्हतं म्हणून आम्ही काही देणं लागत नाही, असं म्हणणाऱ्याने या कायद्याचं एक पोटकलम वाचावं. कामगाराने सुरक्षा साधन मुद्दाम काढून टाकलं किंवा तो नशेत होता, अशी सबब मालकाला काही इजांच्या बाबतीत सांगता येते. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ती सबबही चालत नाही. भरपाई द्यावीच लागते. या हक्कावर पाणी सोडायला लावणारा कुठलाही करार मुळातच रद्द ठरतो, मग त्यावर कामगाराची सही असो की अंगठा.

आकडाही सांगतो, कारण आकड्याशिवाय कुणी हलत नाही. तीस वर्षांचा कामगार कामावर असताना दगावला, तर त्याच्या महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग घ्यायचा आणि त्याला २०७.९८ ने गुणायचं. हा गुणक वयानुसार तक्त्यात दिलेला असतो, वय वाढलं की तो कमी होतो. हिशेबाला धरायच्या पगाराची मर्यादा जुन्या कायद्यात २०२० साली १५,००० रुपये ठरली. त्या हिशेबाने १५,५९,८५० रुपये होतात. त्याची खरी कमाई पंचवीस हजार असली तरी हिशेब १५,००० वरच होतो, हा त्याच्यावर होणारा आणखी एक अन्याय. पण साडेपंधरा लाखांची ही रक्कम मुकादमाच्या खिशात कधीच नसते. पोटठेकेदाराच्याही नसते. म्हणून मग काय होतं, तर पोलीस स्टेशनच्या बाहेर चहाच्या टपरीवर लाखभर रुपये आणि गावी जायची गाडी यावर मिटवामिटव होते. बिहार, बंगाल, मराठवाड्यातून आलेली बायको तिथे कुणाशी भांडणार? विमा हवा तो यासाठी.

विमा म्हटलं की कमिटी एक पॉलिसीची झेरॉक्स फायलीत लावते आणि झालं म्हणते. ती झेरॉक्स वाचली जात नाही. ठेकेदार जी काढतो तिला धंद्यात डब्ल्यूसी पॉलिसी म्हणतात. मालकावर भरपाईची जी जबाबदारी येते ती विमा कंपनी उचलते, असा तो करार. तिच्यात पाच गोष्टी बघायच्या. किती कामगार दाखवले आहेत? पॉलिसीत पाच आणि परांचीवर पंधरा असतील तर दहा जण उघड्यावर आहेत. पगार किती दाखवला आहे? प्रीमियम वाचवायला तो कमी दाखवला असेल तर दाव्याच्या वेळी त्यावरूनच वाद होतो. काम कोणतं लिहिलं आहे? ‘हेल्पर, किरकोळ दुरुस्ती’ असं लिहिलं असेल आणि माणूस दहाव्या मजल्यावर लटकत असेल, तर कंपनीला हात वर करायला निमित्त मिळतं. पोटठेकेदाराची माणसं तिच्यात धरली आहेत का? बहुतेक वेळा नसतात, ती वेगळी लिहून घ्यावी लागतात. आणि तारीख. काम चार महिन्यांचं ठरतं आणि आठ महिने रेंगाळतं, पॉलिसी सहाव्या महिन्यात संपलेली असते. रंगाचा हात बाकी म्हणून आपण ठेकेदाराच्या मागे लागतो, संपलेल्या पॉलिसीसाठी लागत नाही.

इथे एक अडचण सांगायलाच हवी. जुन्या कायद्यात ठेकेदाराच्या कामगाराची भरपाई वरच्या मालकाकडून मागता येते, पण ते काम त्या मालकाच्या धंद्याचा भाग असेल तेव्हा. बिल्डरचा धंदाच बांधकामाचा, त्यामुळे तो सुटत नाही. गृहनिर्माण संस्था कोर्टात म्हणू शकते, रंगकाम हा आमचा धंदा नाही. वकील हा मुद्दा लढवतील आणि काही वेळा जिंकतीलही. म्हणजे शेवटच्या पानावरचं ते कलम अगदीच हवेतून आलेलं नाही. त्यामुळेच ते जास्त घातक आहे. कायद्यातल्या एका फटीचा आधार घेऊन दोन-तीनशे कुटुंबांची संस्था, जिच्या बँकेत दुरुस्तीचा निधी पडलेला आहे, ती एका रंगाऱ्याच्या विधवेला सांगते की मुकादमाकडे जा. कायद्याने सुटता येतं म्हणून सुटायचं का, हा प्रश्न सोसायटीने स्वतःला विचारायचा आहे. माझं उत्तर स्पष्ट आहे: नाही.

आणि सगळ्याच कामांत ही फट नाही. मैल्याच्या टाकीत तर अजिबात नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत एका सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये उतरलेले तीन कामगार गुदमरून गेले. त्यांच्या पत्नी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी १० लाख रुपये द्यायला सांगितलं, आणि ती रक्कम जबाबदार असलेल्यांकडून वसूल करण्याचा मार्ग सरकारला मोकळा ठेवला. खासगी इमारत, खासगी ठेकेदार, तरी भरपाई सरकारने द्यायची, कारण हे काम बंद करण्याची जबाबदारी सरकारने घेतलेली होती आणि पाळली नव्हती.

हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा प्रत्येक कमिटी सदस्याने वाचावा असा आहे. गटार किंवा सेप्टिक टँक धोकादायक पद्धतीने साफ करायला कुणीही, म्हणजे व्यक्तीने, पालिकेने किंवा संस्थेने, थेट किंवा आडून माणूस लावायचा नाही. ‘आडून’ हा शब्द ठेकेदाराच्या आडून काम करवणाऱ्यांसाठीच आहे. आणि धोकादायक म्हणजे काय? संरक्षक साधनं न देता, सुरक्षेची काळजी न घेता केलेली सफाई. साधन न देणं हाच इथे गुन्ह्याचा गाभा आहे, अपघात होण्याची वाट बघायची गरज नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नियमांत चाळीसहून जास्त साधनांची यादी आहे. आत हवा सोडणारं यंत्र हवं, वायू मोजायचं उपकरण हवं, श्वासासाठी बाहेरून हवेचा पुरवठा हवा, वर माणसं थांबलेली हवीत. आणि उतरणाऱ्याचा किमान १० लाखांचा आयुर्विमा हवा, त्याचा हप्ता काम देणाऱ्याने भरायचा. हे सगळं २०१३ पासून लिहून ठेवलेलं आहे.

प्रत्यक्षात आपण काय देतो? कापडी मास्क आणि रबरी हातमोजे. टाकीत साठलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घ्यायची ताकदच मारतो. माणसाला वाटतं, वास गेला, हवा बरी झाली. आणखी वाढलं की दोन-चार श्वासांत शुद्ध जाते. मास्क धूळ अडवतो, वायू अडवत नाही. कोविडमध्ये हाती आलेला एन-९५ सुद्धा इथे कुचकामी आहे. पहिला पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. म्हणून या बातम्यांत मेलेले एकटे नसतात. एप्रिल २०२४ मध्ये विरारमध्ये एका वसाहतीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात चौघे गेले. मार्च २०२५ मध्ये नागपाड्यात बांधकाम सुरू असलेल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत चौघे गेले. लक्षात घ्या, पाण्याची टाकी. बंद, खोल, हवा नसलेली कुठलीही जागा जीव घेते, मैला असो की नसो.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारात मृत्यू झालेल्याच्या कुटुंबाची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. ते योग्यच झालं. पण मुळात माणूस आत उतरवायचा कशाला? सक्शनचा टँकर येतो, जेटिंग मशीन येतं, दोन्ही मुंबई-पुण्यात भाड्याने मिळतात. फरक काही हजारांचा असतो आणि तो दोनशे फ्लॅटमध्ये वाटला तर एका घराच्या वाट्याला जे येईल त्यात आज पाव किलो मिठाई येणार नाही. एवढ्यासाठी जी कमिटी माणूस उतरवते ती गुन्हेगार आहे. हे मी विचारपूर्वक लिहितो आहे. भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमात निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ते कलम कोटेशनच्या शेवटच्या पानावरच्या मजकुराला बांधील नाही.

सरकारने तरी काय केलंय? बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या योजनांतून नोंदणीकृत कामगाराला सुरक्षा संच मिळतो: हेल्मेट, पट्टा, बूट, जॅकेट. वाटपाचे कार्यक्रम होतात, मंडप पडतो, फोटो निघतात. मंडळाचा पैसा बांधकामाच्या खर्चावर बसवलेल्या एक टक्का उपकरातून येतो. तो आहे कामगाराच्या मुलांच्या शिक्षणासाठी, आजारपणासाठी, मृत्यूनंतर घरच्यांना हात देण्यासाठी. हेल्मेट देणं हे मालकाचं काम. ते मंडळाने केलं की बिल्डर म्हणतो, मिळालं ना सरकारकडून. कामगाराच्या वाट्याच्या पैशातून मालकाचं कर्तव्य भागवलं गेलं. शिवाय घरी नेऊन दिलेल्या पट्ट्याला साइटवर अडकवायला जागा कोण करणार? लाइफलाइन कोण टाकणार? संच पेटीत राहतो आणि माणूस दोरावर.

आणि हा संच मिळायला नोंदणी हवी, नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. नाक्यावरचा माणूस वर्षात पंचवीस मुकादमांकडे काम करतो. दाखल्यावर सही कोण करणार? सही केली की हा माणूस माझ्याकडे कामाला होता हे मान्य करावं लागतं. एवढंसं मान्य करायचं टाळण्यासाठीच तर ही सगळी उतरंड उभी केली आहे. जे काम वर्षभर दिवसाउजेडी होतं, त्याचा करणारा कागदावर नसतो. अपघात झाला की मुकादम सांगतो, हा माझा माणूसच नव्हता, सकाळी काम मागायला आला होता.

म्हणून गेटवरचं रजिस्टर महत्त्वाचं. आपला वॉचमन पिझ्झा आणणाऱ्या मुलाचं नाव, मोबाइल, गाडीचा नंबर लिहून घेतो. परांचीवर चढणाऱ्यांची नोंद मात्र ‘पेंटर ६ जण’ एवढीच असते. रोज प्रत्येकाचं नाव, वेळ, ठेकेदाराचं नाव लिहून घ्यायला काय लागतं? ते पान उद्या त्याच्या बायकोच्या हातातला एकमेव पुरावा असू शकतं. भरपाईचा दावा करायला अपघातापासून दोन वर्षांची मुदत असते आणि पहिला प्रश्न हाच विचारला जातो: तो त्या दिवशी तिथे कामावर होता कशावरून?

वॉचमनचा विषय निघालाच आहे तर तोही बघा. एजन्सीच्या बिलात ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची ओळ असते, मालकाचा वाटा ३.२५ टक्के. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात. पगार २१,००० पर्यंत असेल तर तो या विम्यात बसतो. नोंद असलेला कामगार कामावरच्या अपघातात दगावला तर त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना मिळून पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम दरमहा मिळते. हे मुकादमाच्या लाखभर रुपयांपेक्षा कितीतरी मोठं आहे. आपण ती ओळ दर महिन्याला भरतो. पैसे खरंच भरले गेले का, कुणाच्या नावावर भरले गेले, याचं चलन किती कमिट्या मागतात? नावांच्या यादीसकट चलन आल्याशिवाय पुढचं बिल पास करू नका. जी एजन्सी चलन द्यायला कुरकुर करते तिने पैसे भरलेले नाहीत असंच समजा.

आता सभेत काय बोलायचं ते. सुरक्षेचा खर्च निविदेत वेगळा लिहून मागवा. परांची, जाळी, लाइफलाइन, आयएस ३५२१ चे पट्टे, आयएस २९२५ ची हेल्मेटं आणि विमा यांची किंमत ठेकेदाराने स्वतंत्र ओळीत दाखवायची, आणि त्या ओळीवर घासाघीस करायची नाही, असं आधी ठरवून टाका. नाही तर सगळ्यात कमी दराचं कोटेशन हे बहुतेक वेळा पट्टे आणि विमा गाळून तयार झालेलं असतं, आणि आपण त्याचंच अभिनंदन करतो. चांगला ठेकेदार, जो खरंच पट्टे देतो, त्याला आपण महाग म्हणून परत पाठवतो. हे मी अनेक सभांत बघितलं आहे. एका पट्ट्याची किंमत दोन-तीन हजार. लाखांच्या बजेटमध्ये तेवढ्यासाठी अडलेलं काम मी अजून पाहिलेलं नाही.

आणि शेवटच्या पानावरचं ते कलम खोडा. त्याच्या जागी लिहा: पॉलिसीची मूळ प्रत आणि कामगारांची नावं दिल्याशिवाय काम सुरू होणार नाही, पट्टा न लावता कुणी चढला तर त्या दिवसाचं काम सोसायटी थांबवील, थांबलेल्या दिवसाची मजुरी कामगाराला ठेकेदार देईल. शेवटची अट विसरू नका, नाही तर काम थांबवल्याची शिक्षा पुन्हा त्यालाच.

यंदा तुमच्या इमारतीला परांची लागली असेल तर उद्या सकाळी खाली जा आणि हुक कशाला अडकवलाय ते बघा. परांचीला अडकवलेला दिसला तर सेक्रेटरीला तिथूनच फोन लावा आणि काम थांबवायला सांगा. तो ठेकेदाराची जबाबदारी म्हणाला तर त्याला सांगा, इमारत आपली आहे.